ओळखपत्र एका देशात चालतं, दुसऱ्यात का अडतं?

७ मे २०२५ पासून अमेरिकेत देशांतर्गत विमानात चढायचं तर 'रिअल आयडी' या केंद्र सरकारने ठरवलेल्या दर्जाचं लायसन्स किंवा त्याच्या तोडीचं दुसरं ओळखपत्र दाखवावं लागतं. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला बिहारच्या मतदारयाद्यांच्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आधार कार्ड ओळखीचा पुरावा म्हणून स्वीकारा, पण तो नागरिकत्वाचा पुरावा नाही. सप्टेंबर संपता संपता ब्रिटनच्या सरकारने डिजिटल ओळखपत्राची योजना जाहीर केली आणि तिकडे वाद पेटला. युरोपीय संघाने तर २०२६ अखेरपर्यंत नागरिकांना मोबाइलमध्ये ठेवायचं ओळखपत्रांचं पाकीट द्यायचं, असं सदस्य देशांवर बंधन घातलं आहे.

या बातम्या एकापाठोपाठ वाचल्या की वाटतं, सगळीकडे एकाच वस्तूबद्दल बोलणं चाललंय. प्रत्यक्षात प्रत्येक देशात 'ओळखपत्र' वेगळंच काहीतरी सिद्ध करतं. परदेशी शिकायला, नोकरीला किंवा लग्न करून जाणारी माणसं कागदांपायी महिनोन्महिने हेलपाटे घालतात, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

कागद एक, प्रश्न चार

ओळखपत्राकडून चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरं मागितली जातात. तुम्ही कोण? कोणत्या देशाचे नागरिक? राहता कुठे? आणि तुम्हाला काय करायची परवानगी आहे: गाडी चालवायची, नोकरी करायची, मत द्यायची?

जर्मनीचं ओळखपत्र पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच कार्डावर देतं, कारण ते फक्त नागरिकांना मिळतं आणि त्यावर राहता पत्ताही असतो. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक जर्मन नागरिकाकडे हे कार्ड किंवा पासपोर्ट असणं सक्तीचं आहे. मात्र ते सतत खिशात बाळगण्याची सक्ती नाही.

आधार पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतं, त्यावर पत्ताही असतो, पण नागरिकत्व ते सांगत नाही. अर्जाआधीच्या १२ महिन्यांत मिळून १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी नागरिकालाही ते मिळू शकतं. म्हणूनच २०१६ च्या आधार कायद्याच्या नवव्या कलमात हा क्रमांक नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नसल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. शेजारच्या नेपाळमध्ये उलटी रीत. तिथे नागरिकत्वाचं प्रमाणपत्रच स्वतंत्रपणे मिळतं, वयाच्या १६व्या वर्षापासून, आणि मोठेपणीचे बाकीचे कागद त्याच्या आधारावर निघतात.

अमेरिकेत ही उत्तरं विखुरलेली आहेत. फोटो असलेलं रोजचं ओळखपत्र म्हणजे राज्याने दिलेलं ड्रायव्हिंग लायसन्स. ते कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी माणसालाही मिळतं, त्यामुळे रिअल आयडी दर्जाचं असलं तरी त्यावरून नागरिकत्व ठरत नाही. त्यासाठी पासपोर्ट, अमेरिकेतला जन्मदाखला किंवा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र लागतं. आणि ज्याच्यावाचून पगार-कर काहीच हलत नाही त्या सोशल सिक्युरिटी कार्डावर फोटो नाही, जन्मतारीख नाही, पत्ताही नाही.

म्हणून परदेशी कार्यालयाने 'ओळखीचा पुरावा आणा' म्हटलं, तर आधी विचारून घ्यावं की त्यांना चारपैकी नेमकं कोणतं उत्तर हवंय. या एका प्रश्नाने पुष्कळ फेऱ्या वाचतात.

खरी ओळख कार्डात नसते, वहीत असते

बँकेचं पासबुक हरवलं म्हणून खात्यातले पैसे जात नाहीत. पैशांची खरी नोंद बँकेच्या खातेवहीत असते, पासबुक हा तिचा उतारा. ओळखपत्राचंही तसंच आहे. कार्ड हा उतारा आणि सरकारकडची नोंदवही हे मूळ. देशोदेशींचा खरा फरक या नोंदवहीत आहे.

स्वीडनमध्ये ही वही कर खात्याकडे असते. जन्म, विवाह, पत्ता, मृत्यू सगळं तिथेच नोंदलं जातं, आणि १९४७ पासून प्रत्येकाला एक व्यक्तिक्रमांक मिळतो. डेन्मार्कने १९६८ मध्ये अशीच केंद्रीय नोंदणी सुरू केली. तिथे नागरिकांवर ओळखपत्र बाळगण्याची सक्ती नाही, तरी कोण कुठे राहतं हे सरकारला पक्कं माहीत असतं. जर्मनीत घर बदललं की दोन आठवड्यांच्या आत नव्या पत्त्याची नोंदणी करावी लागते.

ब्रिटनमध्ये अशी रहिवाशांची वहीच नाही. म्हणून तिथली बँक विजेचं बिल किंवा कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे तिथल्या घरपट्टीचं, पत्र मागते. त्या बिलामुळे निदान कुणा कंपनीला तरी तुमचा पत्ता माहीत आहे, एवढं कळतं. नव्याने आलेला माणूस इथेच कोंडीत सापडतो. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून बँक खातं उघडत नाही, खातं नाही म्हणून भाड्याचा करार अडतो, आणि करार नाही म्हणून बिल नावावर येत नाही. यातून वाट काढायची तर विद्यापीठाचं किंवा नोकरी देणाऱ्याचं पत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालेल का, हे बँकेला आधीच विचारावं.

नोंदवही चोख असलेल्या देशांतली कोंडी वेगळी. स्वीडनमध्ये किमान एक वर्ष राहणार असाल तरच व्यक्तिक्रमांक मिळतो. त्याहून कमी काळासाठी आलेल्याला 'समन्वय क्रमांक' देतात. त्यात जन्माच्या दिवसात ६० मिळवलेले असतात, म्हणजे १२ तारखेला जन्मलेल्याच्या क्रमांकात ७२ येतं. क्रमांक बघताक्षणी कारकुनाला कळतं की हा माणूस मुख्य वहीत नाही, आणि बँकेने दिलेल्या मोबाइलवरच्या डिजिटल ओळखीपासून जिमच्या सदस्यत्वापर्यंत अनेक गोष्टी तिथे अवघड होतात.

जपानची मूळ वही तर व्यक्तीची नसून कुटुंबाची आहे. जन्म, विवाह, घटस्फोट, दत्तकविधान, मृत्यू सगळं त्या कुटुंबनोंदीत चढतं. तिथला माणूस आपल्या जन्माचा किंवा अविवाहित असल्याचा पुरावा म्हणून तिचा उतारा देतो. या वहीत फक्त जपानी नागरिक असतात. परदेशी जोडीदाराचा केवळ उल्लेख होतो. शिवाय या वहीतला नोंदणीचा पत्ता राहत्या घराचाच असावा लागत नाही, जपानमधला कोणताही चालतो. राहत्या पत्त्याची वही निराळी, आणि तिच्यात जुलै २०१२ पासून परदेशी रहिवाशांचीही नोंद होते.

जन्मदाखला तीन महिन्यांत शिळा कसा होतो?

फ्रान्समध्ये लग्नाची नोंदणी करताना फ्रेंच जन्मदाखल्याची प्रत तीन महिन्यांच्या आतली मागतात. जन्म तर एकदाच होतो, मग जुनी प्रत का चालू नये, असा प्रश्न कुणालाही पडेल.

याचं कारण फ्रान्सच्या जन्मनोंदीच्या समासात आहे. तिथल्या पालिकेच्या जन्मवहीत नोंदीशेजारी मोकळी जागा सोडलेली असते. माणसाचं लग्न झालं की ते त्या समासात लिहितात. घटस्फोट झाला की तोही, आणि शेवटी मृत्यूही. म्हणून फ्रेंच जन्मदाखल्याची ताजी प्रत एकाच वेळी दोन गोष्टी सांगते: हा माणूस कधी जन्मला, आणि आज तो लग्नाला मोकळा आहे का. जुनी प्रत दुसऱ्या प्रश्नावर काहीच सांगू शकत नाही.

ज्या देशांत जन्मदाखला एकदा लिहिला की गोठतो, तिथल्या माणसाने कालच काढलेली प्रत आणली तरी त्यातून वैवाहिक स्थिती कळत नाही. मग फ्रेंच पालिका वेगळं अविवाहित असल्याचं प्रमाणपत्र मागते, आणि त्या देशाच्या विवाहकायद्याची माहिती देणारा आणखी एक कागदही. हा छळ वाटतो खरा. पण त्यांच्या एका उताऱ्यात जे सगळं असतं ते आपल्याकडे तीन कागदांत विखुरलेलं आहे, हे लक्षात आलं की यादी नीट लागते. फ्रान्सला जाण्याआधी हे तिन्ही कागद मायदेशीच काढून ठेवावेत, मात्र तारखांचा हिशेब सांभाळून. फार लवकर काढले तर मुदतीबाहेर जातात.

नोंदवहीच नको, असं म्हणणारे देश

ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात, १९३९ साली, ओळखपत्रं सक्तीची केली आणि १९५२ मध्ये ती रद्द केली. २००६ मध्ये पुन्हा कायदा केला. २०१० मध्ये नव्या सरकारने तो मागे घेतला आणि पाठोपाठ गोळा झालेली नोंदवहीही नष्ट केली. आताच्या डिजिटल योजनेवरचा राग या इतिहासातून येतो. ऑस्ट्रेलियातही 'ऑस्ट्रेलिया कार्ड'चा प्रस्ताव १९८७ मध्ये लोकविरोधापुढे गुंडाळावा लागला.

मग ओळख पटवायची कशी? ऑस्ट्रेलियाने गुणांची पद्धत काढली. पासपोर्टला ७० गुण, जन्मदाखल्याला ७०, ड्रायव्हिंग लायसन्सला ४०, आरोग्य योजनेच्या कार्डाला २५. बेरीज शंभर झाली की काम झालं. एकच पक्का कागद नसेल तर अनेक अर्धेकच्चे कागद एकमेकांना दुजोरा देतील, असा त्यामागचा विचार. माझ्या मते केंद्रीय कार्डाशिवाय चालणाऱ्या पद्धतींमध्ये ही सर्वांत प्रामाणिक. कुठलाही कागद स्वतःहून पूर्ण नाही, हे ती उघड मान्य करते.

क्रमांक ठाऊक असणं म्हणजे ओळख पटणं नव्हे

अमेरिकेत १९३८ मध्ये पैशांची पाकिटं बनवणाऱ्या एका कंपनीने नमुना म्हणून पाकिटात सोशल सिक्युरिटी कार्डाची छापील प्रत घातली. तिच्यावर कंपनीतल्याच एका सचिव महिलेचा खरा क्रमांक होता. कार्ड लहान होतं, त्यावर 'नमुना' असं छापलेलं होतं, तरीही अनेकांनी तोच आपला क्रमांक समजून वापरला. एकट्या १९४३ मध्ये ५,७५५ जण तो वापरत होते. पुढे त्या महिलेला नवा क्रमांक द्यावा लागला.

या गोंधळामागची गफलत आजही होते. क्रमांक हे नाव आहे: हजारो सारख्या नावांतून एकाकडे बोट दाखवण्यासाठी. 'तो मीच' हे सिद्ध करायला दुसरं काहीतरी लागतं: चेहरा, बोटांचे ठसे, चिप, पिन. अमेरिकेत वर्षानुवर्षं बँका नि कंपन्यांनी हा क्रमांकच पासवर्डसारखा वापरला. म्हणून तिथे क्रमांक फुटला की माणसाच्या नावावर कर्ज निघतं.

एस्टोनियात व्यक्तिक्रमांक गुपित नाही. तिथल्या कार्डात चिप असते आणि दोन पिन. चार अंकी पहिला पिन 'मी आलोय' हे सांगायला, पाच अंकी दुसरा सही करायला. क्रमांक कुणाला कळला तरी कार्ड आणि पिन हाती नसेल तर त्याचा उपयोग शून्य. क्रमांक किती लपवावा हे त्यामुळे त्या त्या देशात तो कशासाठी वापरतात यावर ठरतं. एका देशातली सवय दुसऱ्या देशात घेऊन जाऊ नये.

आकड्यांत काय दडलेलं असतं

चीनचा क्रमांक १८ स्थानांचा. पहिले सहा पहिल्या नोंदणीचा प्रदेश, पुढचे आठ जन्मतारीख, मग तीन अनुक्रमाचे, शेवटचा पडताळणीचा. सतराव्या स्थानी विषम अंक म्हणजे पुरुष, सम म्हणजे स्त्री. श्रीलंकेत स्त्रियांसाठी वर्षातल्या दिवसाच्या आकड्यात ५०० मिळवतात, इटलीत जन्मदिवसात ४०. दक्षिण कोरियाने जन्मप्रदेशाचा कोड ऑक्टोबर २०२० पासून नव्या क्रमांकांतून काढून टाकला, कारण प्रदेशावरून माणसाची पारख व्हायला नको होती. आधारचे बारा अंक मुद्दाम अर्थहीन ठेवलेत. फक्त शेवटचा अंक पडताळणीसाठी.

पडताळणी कशी चालते ते स्पेनच्या क्रमांकावर हाताने करून बघता येतं. तिथे आठ अंक आणि एक अक्षर असतं. आठ अंकांच्या संख्येला २३ ने भागायचं. १,२३,४५,६७८ ला भागलं तर बाकी उरते १४. ठरलेल्या २३ अक्षरांच्या यादीत शून्यापासून मोजत चौदाव्या जागी 'झेड' आहे, म्हणून या क्रमांकाचं अक्षर झेडच असलं पाहिजे. टाइप करताना एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले तर बाकी बदलते आणि अक्षर जुळत नाही. पण ही परीक्षा फक्त लिहिण्यातली चूक पकडते. असा माणूस खरोखर अस्तित्वात आहे का, हे तिला कळत नाही. अर्जाचा फॉर्म 'क्रमांक बरोबर' म्हणाला म्हणून कागद खरा ठरत नाही, तो याच कारणाने.

'लपवायचं काही नाही, मग घाबरायचं कशाला?'

हा आक्षेप नेहमी येतो आणि त्याचं उत्तर इतिहासात रक्ताने लिहिलेलं आहे. नेदरलँड्सची लोकसंख्या नोंदणी १९४० आधी युरोपातल्या सर्वांत नेटक्या नोंदण्यांपैकी होती, आणि तीत धर्माचाही उल्लेख होता. नाझींनी देश ताब्यात घेतल्यावर हीच वही ज्यूंना शोधण्याचं साधन झाली. २७ मार्च १९४३ ला प्रतिकार चळवळीतल्या लोकांनी ॲमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालय पेटवलं ते म्हणूनच. रवांडात वसाहतकाळापासून ओळखपत्रावर वंश लिहीत. १९९४ च्या नरसंहारात रस्त्यारस्त्यावरच्या नाक्यांवर ते कार्ड तपासून कोणाला मारायचं हे ठरलं. नंतर तो रकाना काढून टाकला गेला.

पश्चिम जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९८३ मध्ये जनगणनेच्या खटल्यात आपल्या माहितीचं काय व्हावं हे ठरवण्याचा हक्क व्यक्तीचा आहे असं म्हटलं, त्यामागे हीच जाण होती.

नोंद नसण्याची किंमतही तितकीच खरी आहे. जागतिक बँकेच्या अंदाजाने जगात सुमारे ८५ कोटी लोकांकडे अधिकृत ओळखपत्रच नाही. त्यांना शाळा, दवाखाना, बँक, सिमकार्ड सगळीकडे अडवलं जातं. त्यामुळे वही असावी की नसावी यापेक्षा तिच्यात कोणते रकाने असावेत आणि ती कोणाला उघडता यावी, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत.

पासपोर्ट तरी सगळीकडे सारखा का?

कारण तिथे सगळ्या देशांनी एक साचा मानला आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजात तो आहे. फोटोच्या पानाखाली ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात, त्या यंत्रासाठी. चिप उघडण्याची किल्लीही सहसा याच ओळींतून तयार होते: पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख मिळून. म्हणून त्या ओळींवर डाग पडला किंवा पान ओलं होऊन शाई पसरली तर चिप धडधाकट असूनही स्वयंचलित गेट उघडत नाही.

खरी अडचण नावांची. साच्यात आडनाव आणि नाव असे दोन भाग धरलेले आहेत, आणि दोन्ही मिळून ३९ जागा. लांब नावं कापली जातात. इंडोनेशियात कित्येकांना एकच नाव असतं. एकच नाव असलेल्या माणसाला अमेरिकेच्या व्हिसावर नावाच्या जागी 'नाव अज्ञात' अशा अर्थाची तीन इंग्रजी अक्षरं मिळतात, आणि पुढे ती त्याच्या लायसन्सवर, पगारपत्रकात त्याचं नाव म्हणून चिकटतात. स्पेनमध्ये दोन आडनावं असतात, तर बाहेरच्या देशात पहिल्या आडनावाला मधलं नाव समजतात. जर्मन नावात 'यू' वर दोन टिंबं असतील तर यंत्राच्या ओळीत त्याचं 'यूई' होतं, म्हणजे एकाच पानावर नाव दोन तऱ्हांनी दिसतं.

विमानाचं तिकीट काढताना, परदेशात पहिला अर्ज भरताना यंत्राच्या ओळीतलंच स्पेलिंग धरावं. पहिल्या अर्जात जे नाव गेलं ते पुढे बँक, कर, विमा सगळीकडे पाझरतं, आणि नंतर दुरुस्त करायला प्रत्येक दारी जावं लागतं. तारखेचंही तसंच. ०३/०४ म्हणजे कुठे ३ एप्रिल, कुठे ४ मार्च. जिथे मुभा असेल तिथे महिना अक्षरात लिहावा.

घरचा कागद परदेशात मान्य करून घेताना

पासपोर्ट सोडला तर बाकी कागदांना असा जागतिक साचा नाही. जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र, पदवी परदेशात चालण्यासाठी १९६१ च्या हेग करारानुसार त्यांवर अपॉस्टिल लावतात: कागदावरची सही, सही करणाऱ्याचं पद आणि शिक्का खरे आहेत असं सांगणारा, दहा क्रमांकित नोंदींचा ठरलेला चौकोनी दाखला. कागदातला मजकूर खरा आहे, असं तो म्हणत नाही. भारतासाठी हा करार जुलै २००५ पासून लागू आहे, चीनसाठी ७ नोव्हेंबर २०२३ पासून, कॅनडासाठी ११ जानेवारी २०२४ पासून.

क्रम चुकला की पैसे वाया जातात. आधी नोंदणी कार्यालयातून ताजी, आईवडिलांची नावं असलेली सविस्तर प्रत घ्यायची. मग जिथे कागद निघाला त्याच देशाच्या अधिकाऱ्याकडून अपॉस्टिल. राहता देश ते देऊ शकत नाही. भाषांतर सगळ्यात शेवटी, कारण अपॉस्टिलचा मजकूरही त्यात यावा लागतो, आणि पुष्कळ देश आपल्याच शपथबद्ध भाषांतरकाराचं काम मानतात. लॅमिनेट केलेला कागद बहुधा परत येतो. नोटरी केलेल्या झेरॉक्सवर अपॉस्टिल घेतलं तर ते नोटरीच्या सहीला दुजोरा देतं, जन्मदाखल्याला नाही, आणि परदेशातला अधिकारी ते बरोबर ओळखतो.

दोन्ही देश करारात असले तरी एक खाच तपासावी. जुना सदस्य नव्या सदस्याबद्दल हरकत नोंदवू शकतो, आणि मग त्या दोघांपुरता करार लागू होत नाही. भारत सामील झाला तेव्हा जर्मनीने अशी हरकत घेतली होती. अशा वेळी त्या देशाचा दूतावास सांगेल तीच पद्धत.

मोबाइलमधलं पाकीट आलं की हे सगळं संपेल?

काही भाग नक्की सुटेल. युरोपच्या नव्या पाकिटात गरजेपुरतीच माहिती दाखवायची सोय अपेक्षित आहे. १८ वर्षं पूर्ण आहेत का, या प्रश्नाला जन्मतारीख, पत्ता काहीही न दाखवता 'हो' एवढंच उत्तर देता येईल. छापील कार्डाला हे कधीच जमलं नाही.

फोन हरवला तर? पाकीट बंद करून नव्या फोनवर पुन्हा काढायचं, मूळ नोंदीला धक्का लागत नाही. त्याहून मोठा धोका सगळ्यांच्या चिपमध्ये एकच दोष निघण्याचा. एस्टोनियात २०१७ मध्ये सुमारे साडेसात लाख कार्डांच्या चिपमधल्या गुप्त किल्ल्या तत्त्वतः शोधून काढता येतील असा दोष सापडला. नोव्हेंबरमध्ये सरकारने त्या कार्डांची डिजिटल प्रमाणपत्रं स्थगित केली. लोकांनी ती घरच्या संगणकावरून किंवा पोलीस ठाण्यात जाऊन नवी करून घेतली. नुसतं ओळखपत्र म्हणून छापील कार्ड तोवर चालतच होतं, म्हणून निभावलं.

आणि हे पाकीट युरोपीय संघाच्या कायद्याने बांधलेलं आहे. संघाबाहेरच्या बँकेवर, विद्यापीठावर किंवा विवाह नोंदणी कार्यालयावर ते मानण्याचं बंधन नाही. तिथे जाणाऱ्याला पासपोर्टची वही, अपॉस्टिल लावलेला मूळ कागद आणि शपथबद्ध भाषांतर सोबत न्यावंच लागेल.